जुनी गाडी पासिंगला नेताना: गोव्यात ती कुठे अडते आणि आधी काय बघावं

पहिल्यांदा जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी बॉनेट उघडतो. इंजिन चालू करायला सांगतो, कान देऊन ऐकतो, गावात एक चक्कर मारून येतो आणि पैसे देऊन मोकळा होतो. वर्ष-दीड वर्षाने आरसीची, म्हणजे नोंदणीच्या दाखल्याची, पंधरा वर्षं भरतात, गाडी पासिंगला, म्हणजे नोंदणी वाढवण्याआधीच्या आरटीओच्या तपासणीला नेतात आणि ती परत पाठवली जाते. कारण विचारलं तर इंजिनाचं नावही नसतं. मागचा एक ब्रेक लाइट लागत नसतो, दाराखालचा पत्रा कुजलेला असतो, हँडब्रेक धरत नसतो, नाहीतर चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, गंजाने खाल्लेला असतो.

फोंड्याजवळ आमचं छोटं गॅरेज आहे आणि पासिंगच्या गाड्या तयार करणं हे माझं रोजचं काम आहे. डिचोली, सत्तरीपासून काणकोणपर्यंतच्या गाड्या येतात. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे: जी तपासणी निरीक्षक पंधराव्या वर्षी करणार आहे, ती तुम्ही विकत घेण्याच्या दिवशीच केली पाहिजे. त्या दिवशी सापडलेला दोष विकणाऱ्याच्या किमतीतून जातो, नंतर सापडलेला तुमच्या खिशातून. म्हणून हा लेख पहिल्यांदा जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे गाडी आहे आणि पासिंग जवळ आलंय, त्यांनाही हाच क्रम चालेल.

पहिली पायरी: आरसीवरची तारीख

गाडीला हात लावण्याआधी आरसी मागा. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर वेळी ५ वर्षांचं नूतनीकरण मिळतं आणि त्या प्रत्येक वेळी गाडी मोटार वाहन निरीक्षकाला दाखवावी लागते. अर्ज फॉर्म २५ मध्ये करायचा, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ च्या नियमबदलानंतर २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारीला १०,००० रुपये पडतात. अर्जाला उशीर केला तर दर महिन्याला ५०० रुपये वेगळे.

हे आकडे सौदा करताना लक्षात ठेवा. मुदत संपून आठ महिने अंगणात उभी राहिलेली गाडी ‘स्वस्तात देतो’ म्हणून दाखवली, तर त्यात उशिराचे ४,००० आणि फीचे ५,००० धरा. शिवाय ती पास होईल की नाही, हा प्रश्न तुमच्या डोक्यावर. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणणं म्हणजे नोंदणी नसलेली गाडी चालवणंच. चौदा वर्षं आणि काही महिने झालेली गाडी विकायला निघाली असेल, तर मालकाला सरळ विचारा: ‘पासिंग करून द्याल का?’ त्याने तयारी दाखवली तर किंमत थोडी जास्त द्यायला हरकत नाही. मी स्वतःच्या घरच्यांना हाच सल्ला देतो.

आरसीवर आणखी चार ओळी वाचायच्या. गाडीचा रंग, इंधन, बँकेचा बोजा आणि मालकाचं नाव. पांढरी गाडी लाल करून घेतली आणि आरसीत पांढरीच राहिली, तर तपासणीत अडते. गॅस किट बसवलं पण आरसीत चढवलं नाही, किंवा आरसीत आहे आणि किट काढून विकलं, दोन्ही प्रकारांत अडते. सीएनजी असेल तर सिलिंडरच्या हायड्रो टेस्टचा, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीचा, दाखला बघा, ती दर तीन वर्षांनी करावी लागते. बँकेचं कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवायचं राहून गेलेलं असतं. हे काम विकणाऱ्याकडूनच करून घ्या. नंतर त्याला शोधत फिरावं लागतं.

एमएच-०७, एमएच-०९, केए-२२, केए-३० अशा नंबरच्या गाड्या आपल्याकडे भरपूर विकायला असतात. दिल्लीच्याही येतात, कारण तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर गोव्याचा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ मधला ना हरकत दाखला, हातात असल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ‘एनओसी येतेय’ हे वाक्य ऐकून पैसे दिलेली माणसं माझ्या समोर डोक्याला हात लावून बसलेली मी पाहिली आहेत.

एक प्रकार खास आपल्याकडचा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या, पर्यटकांना भाड्याने देण्याच्या गाड्या काही वर्षांनी खासगी करून विकल्या जातात. पाटी बदलली म्हणजे काम झालं असं नाही. आरसीत ती खासगी झाली आहे का ते बघा. व्यावसायिक नोंदणी तशीच राहिली असेल तर फिटनेसचे नियम वेगळे लागतात: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी.

दुसरी पायरी: चासी नंबर हाताने घासून बघा

अर्जासोबत चासी नंबरचा पेन्सिल छाप लागतो. नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल फिरवली की अक्षरं उमटतात. विकत घेण्याच्या दिवशी हाच छाप तुम्ही घ्या. नंबर कुठे कोरलाय ते कंपनीनुसार बदलतं. काही गाड्यांत इंजिनामागच्या उभ्या पत्र्यावर, काहींत पुढच्या सीटखाली कार्पेट उचलल्यावर. सीटखालचा असेल तर जास्त काळजी, कारण पावसाचं पाणी कार्पेटखाली साचून पहिला बळी त्याचाच जातो.

सतरा अक्षरं असतात. एकेक अक्षर आरसीशी ताडून बघा. गंज हलक्या ब्रशने आणि डिझेलच्या फडक्याने पुसा, पण खरवडू नका आणि ग्राइंडर तर अजिबात लावू नका. घासलेला, बुजलेला किंवा वेल्डिंगच्या शेजारी असलेला नंबर बघितला की निरीक्षकाला शंका येणारच, आणि ती शंका रास्त आहे, कारण चोरीच्या गाड्यांचे नंबर असेच बदलतात. अक्षरं खरोखरच गेलेली असतील तर ती गाडी सोडून द्या. हा दोष गॅरेजात सुटत नाही.

तिसरी पायरी: पत्रा

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण गोव्यातली जुनी गाडी इथेच हरते.

आपल्याकडे चार महिने पाऊस, बाकीचे आठ महिने दमट हवा आणि किनाऱ्यावर मीठ. कळंगुट, कोलवा, मोरजी या पट्ट्यात उघड्यावर उभी राहणारी गाडी आणि वाळपईला छपराखाली असलेली गाडी एकाच वर्षाची असली तरी खालून बघताना दहा वर्षांचा फरक वाटतो. वाळूत उतरवलेल्या गाड्या, मासळीचे क्रेट डिकीत घालून नेलेल्या गाड्या, पावसात पाणी भरलेल्या रस्त्यातून रोज जाणाऱ्या गाड्या, सगळ्यांचं दुखणं तेच. मीठ आणि ओल पत्र्याच्या दुहेरी घडीत शिरते आणि आतून कुजवते. बाहेरचा रंग शेवटपर्यंत चकचकीत राहतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या आतेभावाने पेडण्याकडून एक लहान गाडी आणली. बाहेरून डाग नाही, इंजिन सुरेख. पहिल्याच महिन्यात टायर पंक्चर झाला म्हणून त्याने दाराखाली जॅक लावून फिरवायला सुरुवात केली. जॅक वर गेला, गाडी जागेवरच राहिली. जॅकचं टोक पत्र्यातून थेट आत घुसलं होतं. वर जाड पुट्टी, त्यावर रंग, खालून काळं कोटिंग, आणि आत हाताने मोडेल असा पापुद्रा. त्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कापून नवा पत्रा वेल्ड करायला टिंकरला, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्याला, नऊ दिवस लागले. तेव्हापासून मी कुणालाही जॅक लावून बघितल्याशिवाय गाडी घेऊ देत नाही.

तपासायचं असं. गाडी जवळच्या वॉशिंगवाल्याच्या रॅम्पवर चढवा आणि खालून बघा. विकणारा नको म्हणाला तर तिथेच थांबा. एक साधा चुंबक फडक्यात गुंडाळून दाराखालच्या पट्टीवर, चाकांच्या कमानींवर आणि दारांच्या खालच्या कडेवर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खालून हलकं ठोका. चांगला पत्रा टणक वाजतो, कुजलेला बसका आवाज देतो आणि खपल्या गाळतो. नुकतंच मारलेलं जाड काळं कोटिंग दिसलं तर खूश होऊ नका. ते कशावर मारलंय हा प्रश्न आहे. त्या जागी जास्त ठोका.

या जागा चुकवू नका: चारही जॅकच्या जागा, दाराखालच्या दोन्ही पट्ट्या, बॅटरीखालचा ट्रे, डिकीत स्टेपनीची खोबण, मागचा अॅक्सल जिथे बॉडीला धरतो ती जागा, आणि बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना दिसणारे पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरचे गोल माथे. आत बसून पायाखालचं कार्पेट उचला आणि तळवा दाबून धरा. ओल लागली तर पाणी कुठून येतं ते शोधावं लागेल. बहुतेकदा पुढच्या काचेच्या रबरातून येतं, किंवा वायपरखालच्या जाळीची पाणी जायची भोकं पानांनी तुंबलेली असतात. आंब्याखाली, फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे हमखास.

वरवरचा तांबूस गंज चालतो. सायलेन्सरवर, बोल्टांवर, डिस्कवर तो येणारच. भोक पडलेला, बोट घुसेल असा पत्रा चालत नाही. दाराखालची पट्टी किंवा स्टेपनीची खोबण कापून दुरुस्त करता येते. शॉकअॅब्सॉर्बरचे माथे किंवा अॅक्सल धरणारी जागा कुजलेली असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: गाडी घेऊ नका, कितीही स्वस्त असो. चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटात वळणावर त्या जागेवर सगळं वजन येतं, आणि गाडीत आपलीच माणसं बसलेली असतात.

वेल्डिंगचं काम काढायचं असेल तर एप्रिल-मे मध्ये काढा. पत्रा पूर्ण सुकलेला असतो, प्रायमर आणि कोटिंग नीट धरतं. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायला टिंकरला सांगा. चतुर्थीच्या आधीच्या पंधरा दिवसांत मात्र जाऊ नका. तेव्हा सगळा गोवा गाडी तयार करायला येतो आणि घाईचं काम पुन्हा तीन वर्षांत उघडं पडतं.

चौथी पायरी: लाइट

पत्र्याचं काम महाग, लाइटचं सगळ्यात स्वस्त. तरीही जास्तीत जास्त गाड्या लाइटमुळेच परत येतात, कारण कुणी मागे जाऊन बघतच नाही. संध्याकाळी एका माणसाला स्टिअरिंगवर बसवा आणि तुम्ही गाडीभोवती फिरा. पार्किंग, डिपर (खाली पडणारा उजेड), अप्पर (लांबवर पडणारा), चारही इंडिकेटर, हॅझर्ड, ब्रेक लाइट, रिव्हर्स, आणि नंबरप्लेटवरचा छोटा दिवा. शेवटचे दोन सगळ्यांत जास्त विसरले जातात.

बल्ब नवा घातला तरी मंद पेटतो, किंवा इंडिकेटर लावला की त्याच बाजूचा टेललाइट सोबत लुकलुकतो, अशी तक्रार घेऊन लोक येतात. बल्बचा दोष नसतो. दिव्याची अर्थिंगची वायर बॉडीला जिथे स्क्रूने धरलेली असते तिथे गंज असतो. स्क्रू काढा, सँडपेपरने पत्रा चकचकीत करा, पुन्हा आवळा आणि वर थोडं ग्रीस लावा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते ठाऊक नसलेला वायरमन पूर्ण वायरिंग बदलायला सांगतो. तिन्ही ब्रेक लाइट एकाच वेळी बंद असतील तर आधी फ्यूज, मग पेडलजवळचा स्विच.

हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडणं हा उन्हाचा परिणाम. ती काच नसून प्लास्टिक असतं. ८०० नंबरचा पाण्याचा पेपर, मग १५००, मग २०००, शेवटी पॉलिश आणि वरून क्लिअर कोट. क्लिअर कोट मारला नाही तर सहा महिन्यांत पुन्हा पिवळ्या. आत पाणी साचत असेल तर मागचं रबरी झाकण बघा. बल्ब बदलताना ते नीट बसवलेलं नसतं.

आता उजेडाची दिशा. सपाट जागेवर, भिंतीपासून पाच मीटरवर गाडी सरळ उभी करा. टायरमध्ये हवा बरोबर हवी आणि डॅशबोर्डवर उंची बदलायचं बटण असेल तर ते शून्यावर. दिव्याच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजा आणि भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खूण करा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या साधारण पाच सेंटिमीटर खाली पडायला हवी. दिव्यामागच्या स्क्रूने ती खालीवर होते. आणि कुणीतरी १००/९० वॉटचे बल्ब बसवले असतील तर काढून ६०/५५ चे घाला. जास्त वॉटचा बल्ब होल्डर वितळवतो, आणि समोरून स्कूटरवर येणाऱ्या माणसाला आंधळं करतो. जुन्या रिफ्लेक्टरमध्ये कोंबलेल्या निळसर एलईडीचंही तेच. पावसात तर तो उजेड रस्त्यावर दिसतच नाही.

पाचवी पायरी: ब्रेक

तीन चाचण्या घरच्या घरी होतात. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, ठीक. जागचं हललं नाही तर बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूमची नळी गेली. आता इंजिन चालू ठेवूनच पेडल अर्धा मिनिट धरून ठेवा. हळूहळू खाली बसत असेल तर कुठेतरी गळती आहे, बाहेर किंवा मास्टर सिलिंडरच्या आत. तिसरी रस्त्यावरची: मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी तीसच्या वेगात स्टिअरिंग हलकं धरून ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर एका चाकाचं कॅलिपर किंवा सिलिंडर अडकलेलं आहे.

हँडब्रेक चढावर तपासा. न्यूट्रलमध्ये, फक्त हँडब्रेकवर गाडी उभी राहिली पाहिजे, उतारावरही. लिव्हर छपरापर्यंत ओढावा लागत असेल तर केबल लांबलेली आहे किंवा मागचे लायनर संपलेत. समुद्राजवळच्या गाड्यांत केबल आतल्या आत गंजून अडकते, त्यामुळे ब्रेक लागतो पण सुटत नाही. तशी केबल तेल घालून चालवू नका, बदला.

खालून बघताना चाकांकडे जाणाऱ्या बारीक लोखंडी ब्रेक पाइपांवर हात फिरवा. फुगलेले, खपल्या आलेले पाइप पासिंगमध्ये नजरेतून सुटलेच तर पुढे दाबाखाली फुटतात. हा दोष दिसला की मी बाकी सगळं थांबवून तो आधी करतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. आपल्या हवेत तर नक्कीच.

सहावी पायरी: स्टिअरिंग, सस्पेन्शन, टायर

पुढचं चाक जॅकवर उचला, पण आधी दुसऱ्या चाकाला दगड लावा. चाक वर आणि खाली धरून हलवलं आणि खटखट झाली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खटखट झाली तर टाय रॉड एंड. चाकामागचे रबरी बूट फाटलेले असतील तर आतलं ग्रीस सगळीकडे उडालेलं दिसेल. अशी गाडी पूर्ण वळवून चालवली की कटकट आवाज येतो. शॉकअॅब्सॉर्बरवर तेलाचे ओघळ दिसले तर तो गेला.

टायरच्या खाचांची खोली मोटारीला किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. आतली कडही बघा, स्टिअरिंग पूर्ण वळवून. बाहेरून नवा दिसणारा टायर आतून तारा दाखवत असतो. टायरच्या बाजूवरचे चार आकडे म्हणजे तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष: २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. खाचा भरपूर असल्या तरी इतका जुना, भेगा पडलेला टायर पावसात धरत नाही. स्टेपनीही तपासा.

सातवी पायरी: पीयूसी

पीयूसी म्हणजे धुराच्या तपासणीचा दाखला, आणि बीएस म्हणजे धुराचं सरकारी मानक. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांची पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्यांची सहा महिने. गाडी कोणत्या मानकाची आहे त्यावर मर्यादा ठरते. बीएस-२ आणि बीएस-३ पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम, बीएस-४ ला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. डिझेलच्या धुराची दाटी मोजतात.

थंड इंजिन घेऊन केंद्रावर जाऊ नका. वीस मिनिटं गाडी चालवून मग थेट जा, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापलेला असतो. आकडे जास्त आले तर आधी एअर फिल्टर बघा. डिचोली, उसगाव, सांगे या खाणपट्ट्यातल्या गाड्यांचा फिल्टर मी उघडतो तेव्हा लाल मातीने विटेसारखा झालेला असतो. मग स्पार्क प्लग, मग ऑक्सिजन सेन्सर. सायलेन्सरला भोक असेल तर ते आधी बंद करा, कारण त्यातून बाहेरची हवा शिरून आकडा चुकीचा येतो आणि आवाजावरूनही गाडी अडते. डिझेलमध्ये एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलून काळा धूर तसाच राहिला तर इंजेक्टर तपासायला द्यावे लागतात.

ओळखीच्या ठिकाणाहून गाडी न नेता पीयूसी आणू नका. ती हवा आपल्याच मुलांच्या नाकात जाते.

उरलेलं, भराभर

काळी फिल्म काढा. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड जायला हवा. फिल्म काढताना मागच्या काचेवरच्या डीफॉगरच्या बारीक तारा ब्लेडने तोडू नका, साबणाचं कोमट पाणी वापरा. फॅन्सी नंबरप्लेटच्या जागी एचएसआरपी, म्हणजे सरकारमान्य सुरक्षित नंबरप्लेट, लावा आणि पुढच्या काचेवर इंधनाचा स्टिकर. पुढचा लोखंडी गार्ड, अनेक सुरांचा हॉर्न, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर उतरवा. चालकाच्या नजरेसमोरच्या काचेत तडा असेल तर काच बदला. सीटबेल्ट झटक्यात ओढून बघा, अडकला पाहिजे, आणि बक्कल सगळ्या सीटांचं धरलं पाहिजे. वायपरची रबरं पासिंगच्या आदल्या आठवड्यात नवी घाला. दोन्ही आरसे, हॉर्न, वॉशरचं पाणी, दरवाजे आतून-बाहेरून उघडतात का, एवढं घरीच बघून होतं.

तपासणीचा दिवस

परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज आणि फी भरून मग तुमच्या आरटीओत गाडी न्यायची. जीए-०३ चा माणूस म्हापशाला, जीए-०५ चा फोंड्याला. आदल्या दिवशी गाडी खालूनही धुवून घ्या. चिखलाने माखलेली गाडी बघितली की तपासणारा खोलात शिरतो, आणि चासी नंबरही पटकन सापडत नाही. चालू विमा, चालू पीयूसी, आरसी, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा एका फाइलमध्ये ठेवा. दंडाच्या चलनाची थकबाकी आधीच भरून टाका. सकाळी निघताना सगळे लाइट पुन्हा एकदा लावून बघा, कारण जुना बल्ब नेमका त्या दिवशी जातो. एक-दोन जादा बल्ब आणि फ्यूज सोबत असू द्या.

एजंटला दिलं की सगळं होतं, असं तुम्हाला दहा जण सांगतील. फॉर्म भरायला मदत घेतली तर त्यात काही वाईट नाही. पण गाडीबरोबर स्वतः जा. निरीक्षक काय बघतो आणि कशावर बोट ठेवतो ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की पुढची पाच वर्षं गाडी कशी ठेवायची ते कळतं.

गाडी परत पाठवली तर वाद घालू नका. काय काय करून आणायचं ते सगळं एकदाच विचारा आणि लिहून घ्या, नाहीतर एकेका दोषासाठी तीन खेपा होतात. दुरुस्तीची बिलं जपून ठेवा आणि बदललेला भाग दाखवता येईल असा न्या. आरसीची मुदत बघून तिच्या आधीच्या ६० दिवसांतला पहिलाच आठवडा अर्जासाठी निवडा, म्हणजे टिंकरकडे गाडी अडकली तरी उशिराचे पाचशे लागत नाहीत.

पास झाल्यावर नवीन आरसी येते. ती पाकिटात घालण्याआधी जुन्या आरसीशेजारी ठेवून चासी नंबर, इंजिन नंबर, रंग, इंधन आणि नवी मुदत वाचून बघा. एखादं अक्षर चुकलं असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या. तेव्हा तुमच्याकडे ताजा पेन्सिल छाप असतो आणि तपासलेली गाडी सगळ्यांच्या लक्षात असते.